नववं गाणं आणि नाक्यावरचे साहेब

मंगळवार, ३

वाचनालयावर संकट आलं आहे, म्हणून आजपासून पुन्हा दैनंदिनी लिहायला घेतली. पुढेमागे कोणी वाचनालयाचा इतिहास लिहायला बसलाच, तर त्याला निदान एका जबाबदार माणसाचं म्हणणं मिळावं. मी चिटणीस. चिटणिसाने नाही लिहायचं तर कोणी?

संकट असं. नगरपालिकेचे साहेब आज येऊन गेले. खाली पुस्तकं आणि वर आमचा हॉल. त्यांनी हॉलमध्ये पंखा लावून बघितला, खुर्चीवरून बोट फिरवून धूळ बघितली आणि म्हणाले, "वर्षभरात एक नवा सभासद नाही. महिनाअखेरीस परत येतो. तरुण मंडळी दिसली नाहीत तर हा हॉल व्यायामशाळेला जाईल." अध्यक्षांनी वाचनाचं महत्त्व सांगायला घसा खाकरला, तोवर साहेब जिना उतरलेसुद्धा.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. खरं लिहायचं तर माझं व्यायामशाळेशी काही वाकडं नाही. पण ही गेल्यापासून रोज संध्याकाळी मी तो जिना चढतो आणि वर कोणीतरी "या चिटणीस" म्हणतं. हॉल गेला तर संध्याकाळी मी जाऊ कुठे? हे वाक्य इतिहासकाराने वगळावं.

गुरुवार, ५

कार्यकारिणीची तातडीची बैठक. अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीश, अजूनही बोलताना समोरच्याला आरोपी समजतात. खजिनदार दातांचे डॉक्टर. सदस्य एक कवी, त्यांचे संग्रह त्यांनी स्वतःच छापले आहेत. आणि मी. ग्रंथपाल मुलगी पगारी असल्याने तिला मत नाही, फक्त काम आहे.

सूचना मात्र तिचीच. ती निळ्या केसांची गायिका आहे ना, जिचा नवा अल्बम सध्या रिक्षापासून केशकर्तनालयापर्यंत सगळीकडे वाजतोय, त्यात नऊ गाणी आहेत. प्रत्येक गाण्याला कार्यकारिणीने आपलं एकेक आवडतं पुस्तक जोडायचं. "हे गाणं आवडतं? मग हे पुस्तक वाचा," अशा पाट्या भिंतीवर लावायच्या. पोरं येतील.

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे आता पुस्तकांना नाचायला लावायचं?" यावर बरीच चर्चा झाली. शेवटी ठराव मंजूर, पण एका अटीवर. वास्तूचा मान राखण्यासाठी हॉलमध्ये गाणी वाजवायची नाहीत. गाण्यांचे शब्द टाइप करून आणायचे, बैठकीत त्यांचं वाचन करायचं आणि गुणवत्तेवर पुस्तक ठरवायचं. अट मीच सुचवली. ग्रंथपाल मुलगी काहीतरी बोलणार होती, पण तिला मत नाही.

शुक्रवार, ६

घरी माझी मुलगी कपड्यांना इस्त्री करताना तोच अल्बम लावून बसली होती. म्हणाली, "बाबा, या बसा. एकदा ऐका तरी."

मी म्हटलं, शब्द टाइप होऊन येतायत.

"अहो, गाणं काय सगळं शब्दांत असतं?"

"आणि वीज तरी कुठे दिसते? तरी जन्मभर मी मीटर बघून ती मोजलीच ना?" मी मीटर विभागातून निवृत्त झालो. असले मुद्दे मला चटकन सुचतात.

ती मान खाली घालून हसली, अगदी तिची आई हसायची तशी. पटलं असावं.

रविवार, ८

वाचन पार पडलं. अध्यक्षांनी उभं राहून पहिलं गाणं वाचलं. "रेंज नाही. तरी हॅलो. हॅलो. हॅलो. बेबी, हॅलो." आवाज असा, की आता जन्मठेपच सुनावणार. कोणी हसलं नाही. ग्रंथपाल मुलीला मात्र खोकल्याची उबळ आली आणि ती बाहेर गेली.

मग पुस्तकं. "ब्लॉक कर ना" हे गाणं अध्यक्षांनी घेतलं आणि त्याला 'तटबंदी' हा त्रिखंडात्मक ग्रंथ जोडला, कारण ब्लॉक करणं म्हणजे वेढाच. डॉक्टरांनी "हसशील तर" घेतलं. पुस्तक कुठलं ते त्यांनी नंतर ठरवलं. कवींचं म्हणणं, नऊच्या नऊ गाण्यांना त्यांचेच संग्रह लावावेत, भाव सगळे त्यात आहेत. खूप ताणल्यावर एकावर तडजोड झाली. "चप्पल राहिली तुझी" या गाण्यावरून डॉक्टर आणि अध्यक्ष हमरीतुमरीवर आले, दोघांनाही ते हवं होतं. असं करत करत आठ गाणी वाटली गेली.

नववं कोणालाच नको. "दार लोटून ठेव" त्याचं नाव. चार ओळी आणि पुढे फक्त गुणगुणणं. अध्यक्ष म्हणाले, "यात मजकूरच नाही." उरलंसुरलं नेहमी चिटणिसाकडे येतं, तसं ते माझ्याकडे आलं. मी माझं सर्वात आवडतं पुस्तक जोडलं, 'नाक्यावरचे साहेब'. नाक्यावर आडवा दांडा असतो, आणि दांडा म्हणजे एक प्रकारचं दारच. सगळ्यांनी माना डोलावल्या.

बुधवार, ११

पाटीसाठी पुस्तकाविषयी चार वाक्यं लिहायला बसलो, म्हणून ते उशाखालून काढलं. वाचनालयाचंच आहे. ही गेली तेव्हा घरी होतं, ते सुरक्षिततेसाठी माझ्याकडेच ठेवलं.

पुस्तकातले साहेब एका जकातनाक्यावर असतात. नवा रस्ता झाल्यावर तिकडून गाड्या येणं बंद होतं, पण साहेब जागा सोडत नाहीत. दांडा खाली तो खाली. सख्खी बायको विहिरीवर निघाली तरी तिला थांबवून हंड्याची पावती फाडतात. नियम तो नियम! अशा माणसाचं नवल वाटतं.

हिने हे पुस्तक पेन्सिल हातात धरून वाचलं. पावतीच्या प्रसंगापाशी समासात तिने लिहिलंय, "अगदी आमचे हे!" पुढे साहेब चंद्रप्रकाशाची नोंद घेतात, तिथे पुन्हा, "आमचे हे!!" माझं इतकं कौतुक तिने तोंडावर कधी केलं नाही. तिचा स्वभावच तसा.

निम्म्यात तिने बसचं तिकीट घालून ठेवलंय. तिथवर पोचली आणि मग दवाखाना. तिकिटाच्या पुढचं पान मी उलटलेलं नाही. ती थांबली तिथे मी थांबतो. तिला मागे ठेवून मी एकटा पुढे कसा जाऊ? रोज निजण्यापूर्वी पहिल्या पानापासून तिकिटापर्यंत कुठेही उघडतो आणि तिचं अक्षर बघतो. पाटीवर अर्थात इतकंच लिहिलं, "कर्तव्यदक्षतेचा आदर्श."

शनिवार, १४

काय हा दिवस!

पाट्या लागल्या. ग्रंथपाल मुलीने त्यांचे फोटो मोबाइलवर सगळीकडे टाकले आणि दुपारपासून पोरापोरींची रीघ लागली. जिन्यावर चपलांचा ढीग. अध्यक्षांनी स्वागतपर भाषण सुरू केलं, पण ते कोणाला ऐकूच गेलं नाही. मोबाइलच्या दुकानात काम करणारी, हिरव्या नखांची एक मुलगी पहिली पुढे आली. म्हणाली, "'ब्लॉक कर ना' वालं द्या."

'तटबंदी' कपाटात नव्हतं. मग डॉक्टरांचं बघितलं. नव्हतं. कवींचं नव्हतं. एक एक करत नऊच्या नऊ पाट्या झाल्या आणि एकही पुस्तक जागेवर नाही!

एक पोरगा म्हणाला, "काका, हे हॉटेल आहे का? मेन्यू एवढा मोठा आणि सगळंच संपलंय." बाकीचे हसले. हळूहळू जिना मोकळा झाला.

ग्रंथपाल मुलगी शांतपणे म्हणाली, "कार्यकारिणीच्या सदस्यांना पुस्तक परत करायची मुदत नाही, अशी सवलत आहे. आवडतं पुस्तक आवडतं म्हणूनच घरी नेलेलं असतं. सगळी आवडती पुस्तकं तुमच्या घरी आहेत."

माझा संताप अनावर झाला. "काय माणसं आहेत! वर्षानुवर्षं पुस्तकं घरात दाबून बसायचं आणि वर म्हणायचं, वाचक येत नाहीत! लाज वाटायला हवी!"

"हो काका," ती म्हणाली आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. निदान तिला तरी माझी तळमळ कळते. पोरांना तिने मंगळवारी परत यायला सांगितलंय. मंगळवारी पुस्तकं नसली तर हॉल गेलाच म्हणून समजायचं.

रविवार, १५

मुलीच्या स्कूटरवर मागे बसून वसुलीला निघालो.

अध्यक्षांकडे 'तटबंदी'चे तीनही खंड पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली होते. डोकं उंचावर राहिलं की त्यांना आंबट ढेकर येत नाहीत. आधी म्हणाले, "वाचतोय अजून." मग लेखी अर्ज मागितला. माझी मुलगी "पलंग धरा" म्हणाली आणि तिने खंड ओढून काढले. एका पायाखाली दोन खंड आणि दुसऱ्याखाली एकच, मग उंची सारखी कशी म्हणून वाकून बघितलं, तर तिथेही आपलंच आणखी एक पुस्तक.

डॉक्टरांची पुस्तकं दवाखान्याच्या बाकावर. एकाचं शेवटचं प्रकरणच गायब. डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडे येणारा माणूस शेवटपर्यंत वाचायच्या मनःस्थितीत नसतो."

कवींकडे त्यांचाच संग्रह. वाचनालयाची एकुलती एक प्रत, तीही त्यांनी उचलून आणलेली. मी विचारलं, "अहो, घरी शंभर प्रती असताना ही कशाला?" तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "तिथे फार एकटं पडलं होतं हो." कोणी नेतच नव्हतं. मला एकदम गलबलून आलं, पण मी पुस्तक घेतलं.

परत येताना मुलगी म्हणाली, "आठ झाली. नववं?"

"माझी गोष्ट वेगळी आहे."

"सगळ्यांचीच वेगळी असते, बाबा."

जेवताना तिने टीव्ही लावला, एरवी लावत नाही.

सोमवार, १६

संध्याकाळी बैठक. मी तावातावाने ठराव मांडला. कार्यकारिणीची सवलत आजपासून रद्द, सर्वांना सारखीच मुदत, मागणी असलेल्या पुस्तकाला रांग, आणि रांगेत कोणालाही पुढे घ्यायचं नाही. ग्रंथपाल मुलगी लिहून घेत होती, ते बघून मला आणखी स्फुरण चढलं. म्हटलं, लिहा, "खुद्द चिटणिसालाही सूट नाही." टाळ्या पडल्या, अध्यक्षांच्या सोडून. त्यांना काल रात्रभर ढेकर आले.

घरी येऊन पुस्तक मांडीवर घेऊन बसलो. दुसरी प्रत मिळेना, छापणं कधीच बंद झालंय. पाटीवर "पुस्तक दुरुस्तीला गेले आहे" असं लिहिता येईल का, याचा विचार केला. हेही इतिहासकाराने वगळावं.

मुलगी शेजारी येऊन बसली. मी म्हटलं, "मी हे इतकं जपलंय. तुझ्या आईला बरंच वाटलं असतं."

"बाबा, आई पुस्तक एक दिवससुद्धा जास्त ठेवायची नाही. ताप असला तरी चालत जाऊन द्यायची. दुसरं कोणी वाट बघत असेल म्हणायची."

हे खरं आहे. मी त्यावर चिडायचो. मला रडू आलं. मुलीने पाठीवर हात ठेवला.

मंगळवार, १७

दिलं. हिरव्या नखांच्या मुलीने घेतलं. म्हणाली, "नववं गाणं माझं सर्वात लाडकं आहे." मी तिला सांगितलं, पान दुमडायचं नाही, खाताना वाचायचं नाही आणि तिकीट आहे तिथून हलवायचं नाही. ती म्हणाली, "काका, मी मोबाइलचे स्क्रीन बदलते. माझा हात हलका आहे."

घरी उशी बसकी वाटली.

शुक्रवार, २०

हॉल भरलेला. माझ्या खुर्चीत एक पोरगा मांडी घालून 'तटबंदी' वाचत होता. "या चिटणीस" कोणी म्हणालं नाही. "काका, जरा सरका" असं मात्र तिघांनी म्हटलं. अध्यक्षांनी एका मुलीला वेढ्याचं तत्त्वज्ञान समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे घोस्टिंग. काही न सांगता बोलणंच तोडायचं." अध्यक्षांनी तो शब्द वहीत लिहून घेतला. कवींचा संग्रह एका जाड्या मुलाने नेला, तेव्हा कवी जिन्यापर्यंत सोडायला गेले.

शनिवार, २८

हिरव्या नखांची मुलगी आली. मी मुद्दाम देवघेवीच्या टेबलापाशीच उभा होतो.

"काका, पेन्सिलने लिहिणाऱ्या या बाई कोण? कसल्या भारी आहेत! मी इतकी हसले, इतकी हसले, की दुकानात गिऱ्हाईक बघत राहिलं."

"माझ्या पत्नी," मी म्हटलं. "आणि 'आमचे हे' म्हणजे मी."

तिने तोंडावर हात ठेवला. "तुम्ही? तो पावती फाडणारा?"

"कर्तव्यदक्ष माणूस आहे तो."

"काका, तो महाखडूस आहे! सगळं पुस्तक त्याला हसतंय. तुम्ही वाचलंय ना नक्की?"

मला राग आला. मी म्हटलं, पूर्ण नाही वाचलं, कारण तिचंही अर्धंच राहिलं, तिकीट बघ.

"अर्धं कुठे? पेन्सिल तर शेवटच्या पानापर्यंत आहे."

"मग तिकीट?"

"दुसऱ्यांदा वाचत असतील. आवडलेलं परत वाचतोच की माणूस." मग म्हणाली, "शेवटी त्यांनी तुमच्यासाठी काहीतरी लिहिलंय. ते मी नाही सांगणार. तुम्हीच वाचा."

मी पुस्तकाला हात घातला, तोवर ग्रंथपाल मुलीने ते मागच्या पोराला देऊनसुद्धा टाकलं होतं. मी म्हटलं, अहो, माझं आहे ते! ती म्हणाली, "रांग आहे, काका. तुमचं नाव शेवटी घालते." मी म्हटलं, मी चिटणीस आहे. तिने ठरावाचा कागद पुढे केला. खाली सही माझीच, चांगली झोकदार.

मग ती, म्हणजे ही, मला हसत होती? आयुष्यभर? मी ज्याला कौतुक समजत होतो ते हे?

सोमवार, ३०

नगरपालिकेचे साहेब आले. जिन्यावर चपला बघून बाहेरच थबकले. हॉल वाचला. व्यायामशाळेला दुसरी जागा बघणार आहेत. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की तरुणांची नाडी त्यांनी आधीच ओळखली होती. ग्रंथपाल मुलीचे आभार मानायचे राहून गेले. ते मी मागाहून एकट्याने जाऊन मानले. ती एकदम गोंधळून "बसा ना काका" म्हणाली.

घरी आलो. मुलगी इस्त्री करत होती. मी म्हटलं, "ते नववं लाव."

चार ओळी. मी उशिरा येईन, तू निजून घे, दार लोटून ठेव. मग शब्द संपतात आणि नुसतं गुणगुणणं. मजकूर खरंच नाही. पण काम करता करता, कोणी ऐकतंय याचं भान नसताना बाई गुणगुणते, ते तसं आहे. ही स्वयंपाकघरात असंच करायची. मी बाहेरून ओरडायचो, "आवाज कमी, बातम्या लागल्यात."

"पुन्हा लाव," मी म्हटलं. तिने पुन्हा लावलं.

दोन महिन्यांनंतरचा रविवार

नंबर लागला. सकाळी पुस्तक आणलं आणि पहिल्या पानापासून बसलो. दोन महिन्यांत समासात इतरांनीही काय काय लिहून ठेवलंय! नियमबाह्य आहे. एकाने "आमचे हे!" खाली "आमचे बाबा पण" असं लिहिलंय. मी खोडणार होतो, पण राहू दिलं.

साहेब खडूस आहेतच. हिरव्या नखांची मुलगी म्हणाली ते खरं. पावतीच्या प्रसंगाला मी स्वतः दोनदा हसलो. हंड्याची पावती मी कधी फाडली नाही, पण विजेचं मीटर दाखवून "दिवा कोणी चालू ठेवला" हे मात्र रोज विचारलं.

तिकिटापाशी जरा थांबलो. मग पान उलटलं.

शेवटी साहेब दांडा वर करतात. कोणीही आलेलं नसताना. नाका तसाच उघडा टाकून विहिरीवर जातात आणि बायकोच्या हातातून हंडा घेतात. संपलं. त्याखाली तिचं अक्षर, बारीक, जरा थकलेलं:

"आमचे हे इथवर वाचतील तर शपथ. पण वाचलंत, तर हाक मारा. चहा टाकते."

मी हाक मारली. घरात तिचं नाव इतक्या मोठ्याने बऱ्याच दिवसांत कोणी घेतलं नव्हतं. मुलगी आतून धावत आली. "बाबा, काय झालं? आईला हाक मारलीत?"

"हो," मी म्हटलं, "तू बस. आज चहा मी टाकतो."

स्वयंपाकघरात गेलो, पातेलं सापडलं, पाणी ठेवलं. साखर कुठे असते ते विचारायला मात्र मुलीला हाक मारावी लागली.